भाडेकरू पैसे देत नाही, मुदत संपली तरी जात नाही: पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा घर भाड्याने देणारा माणूस बहुधा एकाच फ्लॅटचा मालक असतो. त्या फ्लॅटवर गृहकर्ज चालू असतं आणि हप्त्याचा मोठा भाग भाड्यातून निघेल, असा हिशोब केलेला असतो. म्हणून लागोपाठ दोन महिने भाडं आलं नाही की झोप उडते. अशा वेळी नातेवाईक, एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे एकच सल्ला देतात: कुलूप बदला, पाणी तोडा, चार माणसं घेऊन जा. यातलं काहीही करू नका. तुमची बाजू खरी असेल, तर ती बिघडवण्याचा हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

घर तुमच्या नावावर आहे, पण आज त्यात राहणारा माणूस तिथे तुमच्या लेखी परवानगीने आला आहे. त्याला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्न मध्ये येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई करतं. शिवाय, तुम्ही कुलूप तोडून आत गेलात आणि तो पोलीस ठाण्यात जाऊन म्हणाला, ‘कपाटात बायकोचे दागिने होते’, की पुढचं वर्ष तुमचं थकलेलं भाडं बाजूला राहतं आणि त्या दागिन्यांचीच चर्चा होते.

पोलिसांकडे गेलात तर ते बहुतेक वेळा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं सांगून परत पाठवतील. त्यात त्यांची चूक नाही. घर रिकामं करून देणं हे त्यांचं कामच नव्हे. धमकी, शिवीगाळ, मारहाण झाली असेल तर तक्रार जरूर द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. ताब्याचं काम मात्र दुसऱ्या दारात होतं. त्या दारात तुम्ही किती लवकर पोहोचता, हे करार कसा केला होता यावर जवळपास पूर्ण अवलंबून असतं.

भाडेकरू की परवानाधारक?

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळी नाती आहेत. पहिलं भाडेपट्ट्याचं. त्यात जागेवर भाडेकरूचा हक्क निर्माण होतो आणि भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण संरक्षण त्याला मिळतं. दुसरं ‘लिव्ह अँड लायसन्स’चं. त्यात तुम्ही ठरावीक काळ राहण्याची फक्त परवानगी देता, जागेवर हक्क देत नाही. करारात अशा माणसाला ‘लायसेन्सी’ किंवा ‘परवानाधारक’ म्हणतात. आज मुंबई-पुण्यात, नाशकात, नागपुरात घरं भाड्याने जातात ती बहुतेक या दुसऱ्या प्रकाराने. या लेखात सोयीसाठी ‘भाडेकरू’ हाच शब्द वापरला आहे, पण तुमच्या हातातल्या कागदावर यातलं नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा.

फरक किती मोठा आहे, ते थकबाकीवरून कळेल. तोंडी बोलणीवर घर दिलं आणि समोरच्याने ‘मी भाडेकरूच आहे’ असं म्हणायचं ठरवलं, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ लागू होतं. त्यानुसार आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मग दावा लावायचा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. जुन्या, पिढीजात भाडेकरूंसाठी हे संरक्षण गरजेचं आहे. पण दोन वर्षांसाठी फ्लॅट देणाऱ्याने तोंडी व्यवहारामुळे स्वतःला त्यात अडकवून घेणं म्हणजे मोठीच चूक.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल, तर तुमच्यासाठी कलम २४ आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की जागा सोडणं हे परवानाधारकाचं कर्तव्य आहे. तो सोडत नसेल, तर नेहमीच्या कोर्टात न जाता ‘सक्षम प्राधिकारी’ या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे कलम फक्त निवासासाठीच्या जागांना लागू आहे. दुकान किंवा ऑफिस दिलं असेल तर हा जलद रस्ता मिळत नाही.

(इथली कलमं महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याची आहेत. गोव्यात इमारती भाड्याने देण्याघेण्यासाठी १९६८ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा पणजीतल्या फ्लॅटला हा हिशोब लावू नका.)

अकरा महिने आणि नोटरीचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी केला की पुरे’ हे वाक्य एजंट आजही सांगतात. त्याचा उगम नोंदणी कायद्यात आहे. १९०८ च्या त्या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून नोंदणी टाळायला अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. मुदत अकरा महिने असो वा छत्तीस, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शिक्षेपेक्षाही त्याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. करार नोंदणीकृत नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तो म्हणाला, ‘भाडं वीस हजार नव्हे, बारा हजार ठरलं होतं’, तर नोटरीचा कागद हातात धरून तुम्हालाच धावपळ करावी लागेल.

हे सगळं टाळण्याचा खर्च बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. भाडं २०,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट १ लाख असेल तर भाड्याचे २,२०,००० आणि व्याजाचे सुमारे १०,००० मिळून २,३०,००० होतात. त्यावरचं शुल्क सहाशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरी बसून ऑनलाइन नोंदणी होते; त्या सेवेचे आणि घरी येणाऱ्या माणसाचे पैसे वेगळे. म्हणजे एका महिन्याच्या भाड्याच्या दहा-पंधरा टक्क्यांत काम होतं. या दराने लायसन्स जास्तीत जास्त ६० महिन्यांचं करता येतं. त्याहून मोठ्या मुदतीला भाडेपट्ट्याचं मुद्रांक शुल्क लागतं.

करारात ज्या ओळी पुढे कामाला येतात

तयार नमुन्यात नावं आणि आकडे भरून लोक मोकळे होतात. भांडण झाल्यावर ज्या ओळी शोधाव्या लागतात, त्या आधीच नीट लिहून घ्या.

सगळ्यात आधी तारखा. ‘११ महिने’ एवढं लिहून भागत नाही. ‘१ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६, दोन्ही दिवस धरून’ असं हवं. कलम २४ चा सगळा डोलारा या शेवटच्या तारखेवर उभा आहे. ‘दोघांच्या संमतीने आपोआप वाढेल’ अशी ओळ नमुन्यात असेल तर ती काढून टाका, नाहीतर मुदत नेमकी कधी संपली यावरच वाद सुरू होतो.

त्यानंतर राहणाऱ्या सगळ्या माणसांची नावं. वापर फक्त राहण्यासाठी. पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट ठेवायचे नाहीत. या पत्त्यावर जीएसटी किंवा दुकानाची नोंदणी करायची नाही. हे शेवटचं अनेकांना सुचत नाही. वीजबिलाची प्रत देऊन भाडेकरू फ्लॅटच्या पत्त्यावर व्यवसाय नोंदवतो आणि दोन वर्षांनी त्याच्या नावाची सरकारी नोटीस तुमच्या दारावर लागते.

थकबाकीची अटही नेमकी असावी: सलग दोन महिने भाडं न आल्यास १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही अशी अट, ठेवणार असाल तर तो कोणाला बांधतो ते स्पष्ट लिहा. मालकाचा हात बांधला गेला, तर चौथ्याच महिन्यात त्रास सुरू झाला तरी तुम्ही अडकता. नोटीस कोणत्या पत्त्यावर, कोणत्या ईमेलवर, कोणत्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवलेली चालेल, हे करारात आलं की ‘मला मिळालीच नाही’ म्हणायला जागा राहत नाही. किमान २४ तास आधी कळवून घर पाहण्याचा हक्कही ठेवा.

शेवटी सामानाची यादी. पंखे किती, गिझर कुठल्या कंपनीचा, किल्ल्यांचे जोड किती, विजेच्या मीटरचं रीडिंग काय. ताबा देताना दोघांसमोर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा. सिंकखालचा पाइप, बाथरूमच्या टाइल्स, खिडक्यांच्या काचा जवळून दाखवा आणि तोच व्हिडिओ त्याला लगेच पाठवा. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं या दहा मिनिटांत मिटतात.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं वेगळं. मुंबई, पुणे अशा आयुक्तालयांत तसे आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. माहिती ऑनलाइन भरता येते. ती पोच कराराच्या फाइलीतच ठेवा.

भाडं थकायला लागलं की

पहिला महिना चुकला की कारण विचारा, आणि खरंच ऐकून घ्या. नोकरी गेलेली असते, पगार अडकलेला असतो, घरात आजारपण असतं. कधी कारण तुम्हीच असता: बाथरूमची गळती तीन महिने सांगूनही दुरुस्त झालेली नसते आणि भाडं रोखणं हा भाडेकरूला उरलेला एकच उपाय वाटतो. तसं असेल तर प्लंबर आधी पाठवा. त्याने भाडं रोखण्याचं कारणही संपतं आणि पुढे त्याच्या उत्तरात ‘मालक दुरुस्ती करत नाही’ हा मुद्दाही राहत नाही.

फोनवर बोललात तरी लगेच ते लिहून पाठवा. भाषा साधी ठेवा. ‘नमस्कार. आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे ऑगस्टचं भाडं २०,००० रुपये अजून आलेलं नाही. तुम्ही २० तारखेपर्यंत १०,००० आणि ३१ पर्यंत उरलेले देणार आहात. तसं चालेल. कृपया हो असं कळवा.’ एवढंच. राग, टोमणे, ‘बघून घेईन’ असलं काही नको; हाच मेसेज उद्या अधिकाऱ्यासमोर वाचला जाऊ शकतो. मोबाइलवरचे मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून संभाषण पुसू नका आणि फोन बदलताना जपून ठेवा.

भाडं नेहमी बँकेतून घ्या. रोखीने घेतलंच तर पावती द्या. थोडे पैसे आले तर ते कोणत्या महिन्याचे हे त्याच दिवशी लिहून कळवा, नाहीतर सहा महिन्यांनी दोघांचे हिशोब दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

आता डिपॉझिटचं गणित मांडा. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर तुमच्या हातात तीन महिने आहेत. पहिला महिना समजुतीत जातो. दुसरा ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ यात जातो. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तुम्ही वकिलाकडे जाता तेव्हा डिपॉझिट शून्यावर असतं आणि नोटीससुद्धा गेलेली नसते. घराची दुरुस्ती आणि वीजबिल आता तुमच्या खिशातून. वीज जोडणी तुमच्या नावावर असल्याने वितरण कंपनी थकलेलं बिल तुमच्याकडेच मागणार. म्हणून नियम कडक ठेवा: दुसऱ्या महिन्याचं भाडं चुकलं त्याच आठवड्यात लेखी नोटीस. ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ हे भाडेकरूचं म्हणणं घर सोडण्याची तारीख लेखी ठरल्याशिवाय मान्य करू नका. ती रक्कम शेवटच्या दिवसासाठी आहे.

नोटीस

नोटीस वकिलामार्फत दिलेली चांगली, पण तिच्यात काय हवं हे तुम्हालाही माहीत असू द्या. गाभा साधारण असा:

‘आपल्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानुसार (दस्त क्रमांक, दिनांक) दरमहा २०,००० रुपये ५ तारखेपर्यंत देय आहेत. ऑगस्ट व सप्टेंबर २०२५ चे एकूण ४०,००० रुपये थकीत आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ही रक्कम खालील बँक खात्यात जमा करावी. न केल्यास करारातील थकबाकीच्या अटीनुसार करार संपुष्टात आल्याचे समजावे व सदनिकेचा रिकामा आणि शांततामय ताबा द्यावा.’

करारातली कोणती अट, कोणते महिने, किती रक्कम, किती दिवस. या चारांपैकी एक जरी चुकलं तरी समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. सगळ्यात जास्त होणारी चूक दिवसांची: करारात एक महिन्याची नोटीस लिहिलेली असते आणि रागाच्या भरात मालक सात दिवस देतो.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मिळेल अशी सोय घ्या, आणि त्याच दिवशी ईमेल व व्हॉट्सॲपवरही पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आलं तर घाबरू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट नाकारलं, तर सहसा नोटीस बजावली असंच मानलं जातं. फक्त ते पाकीट फोडू नका. बंद अवस्थेतच फाइलला लावा.

पुढच्या तारखांचे चेक घेतले असतील आणि एखादा परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ वापरता येतं. त्याचं वेळापत्रक काटेकोर आहे: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. घर रिकामं करून घ्यायला हे कलम उपयोगाचं नाही. मात्र पैशांची बोलणी पुढे सरकायला त्याची मोठी मदत होते.

मुदत संपली, माणूस जात नाही

नवखा मालक या टप्प्यावर एक चूक हमखास करतो. मुदत ३० एप्रिलला संपते. भाडेकरू म्हणतो, ‘दादा, मुलांच्या परीक्षा आहेत, दोन महिने द्या.’ मालक हो म्हणतो, मे-जूनचं भाडं खात्यात घेतो, कागद काहीच करत नाही. ऑगस्टमध्ये भाडेकरू सांगतो की तुम्ही तोंडी एक वर्ष वाढवून दिलं होतं. आता तुमच्याच बँक खात्यातले पैसे त्याच्या बाजूने बोलू लागतात.

मुदतवाढ द्यायचीच असेल तर ती नवा करार नोंदवूनच द्या, दोन महिन्यांची असली तरी. द्यायची नसेल तर मुदत संपण्याच्या ४५ ते ६० दिवस आधी लेखी कळवा की करार पुढे चालू राहणार नाही आणि अमुक तारखेला ताबा हवा आहे. त्यानंतर पैसे आलेच तर त्याच दिवशी लिहा: ‘ही रक्कम मुदतीनंतरच्या ताब्याची नुकसानभरपाई म्हणून, माझे हक्क राखून स्वीकारत आहे. करार वाढवलेला नाही.’

तारीख उलटली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. सोबत नोंदणीकृत करार, मालकीचा कागद, नोटीस व तिची पोच, थकबाकीचा तक्ता आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाचं समन्स भाडेकरूला मिळालं की त्याला ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह ‘मला लढू द्या’ अशी परवानगी मागावी लागते. कलम ४३ ची ही रचना मालकाच्या फार उपयोगाची आहे. नेहमीच्या दाव्यात प्रतिवादी आपोआप लढतो. इथे लढण्याचं खरं कारण आधी दाखवावं लागतं. परवानगी मागितलीच नाही किंवा ती नाकारली गेली, तर अर्जातलं तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरून आदेश होतो.

त्यात कलम २४ चा एक आधार आहे: लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा असतो. ‘कागदावर ११ महिने असले तरी तोंडी पाच वर्षांचं ठरलं होतं’ हा बचाव इथे फारसा टिकत नाही. आणि मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. वीस हजार भाडं असेल तर महिन्याला चाळीस हजार. हा आकडा नोटिशीतच लिहा. बऱ्याच जणांना तो पहिल्यांदाच कळतो आणि मग सामान बांधायला सुरुवात होते.

आदेशाविरुद्ध अपील नाही. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश तपासून पाहण्याची विनंती, मात्र करता येतो. आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत घर सोडलं नाही तर प्राधिकारी गरजेपुरतं बळ वापरून ताबा घेऊन देऊ शकतो. प्रत्यक्षात वेळ कशात जातो? समन्स बजावण्यात. भाडेकरू दार उघडत नाही, ऑफिसचा पत्ता तुमच्याकडे नसतो, तारखा पडत राहतात. म्हणून करार करतानाच त्याच्या नोकरीचा आणि कायमचा पत्ता घ्या. कायदा जलद आहे, तरी काही महिने धरूनच पैशांची तजवीज ठेवा.

एक बारकावा नीट समजून घ्या. कलम २४ ची भाषा ‘मुदत संपल्यावर’ अशी आहे. मुदत चालू असताना थकबाकीमुळे तुम्ही करार मध्येच संपवला, तर ‘मुदत अजून संपलेलीच नाही’ असा वाद समोरून येणार. म्हणून थकबाकी सुरू झाली तेव्हा मुदतीचे दोनच महिने उरले असतील, तर नोटीस देऊन ठेवा आणि अर्जासाठी शेवटच्या तारखेची वाट बघा. बहुधा तोच जवळचा रस्ता ठरतो. आठ-नऊ महिने उरले असतील तर वकिलाशी बसून दुसरा मार्ग ठरवावा लागेल. म्हणूनच अनोळखी भाडेकरूला पहिलाच करार ३६ महिन्यांचा देऊ नये. अकरा महिन्यांचा द्या, नीट राहिला तर पुढचा मोठा करा.

मुदतीच्या आतली थकबाकी वसूल करायची असेल तर वेगळा दावा लागतो. मुंबई, पुणे, नागपूर इथे लघुवाद न्यायालय आहे, बाकी ठिकाणी दिवाणी न्यायालय. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला ती देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. वीस-तीस हजारांसाठी हा दावा लावावा का, याचा विचार थंड डोक्याने करा. ताबा मिळणं आणि पैसे मिळणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं काम दुसऱ्यासाठी अडवून ठेवू नये.

पैसे वेळेवर, पण घराची वाट

रात्री दोनपर्यंत गोंगाट, सहा जणांच्या घरात चौदा माणसं, बाल्कनीत परवानगीशिवाय बांधकाम, खोल्या परस्पर दुसऱ्यांना दिलेल्या. इथे तुमचं मत पुराव्याच्या जागी चालत नाही. शेजाऱ्यांची लेखी तक्रार सोसायटीकडे, सोसायटीचं पत्र तुम्हाला, तुमचं पत्र भाडेकरूला अशी साखळी तारखांसह तयार करा. आधी कळवून घर बघायला जा, बरोबर कमिटीतला एखादा माणूस न्या, फोटो काढा. तुमच्या किल्लीने, तो नसताना, आत शिरू नका. सोसायटीलाही सांगून ठेवा की त्या घरचं पाणी बंद करणं किंवा वॉचमनकडून घरच्यांना गेटवर अडवणं असलं काही करू नये. त्याचं उत्तर शेवटी तुम्हालाच द्यावं लागेल.

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी

पुण्या-मुंबईत असे फ्लॅट खूप आहेत ज्यांचे मालक अमेरिकेत किंवा दुबईत आहेत आणि किल्ली काकांकडे आहे. काकांकडे नुसती किल्ली असून चालत नाही, कुलमुखत्यारपत्र हवं. त्यात करार करणं, नोटीस देणं, अर्ज-दावा दाखल करणं, साक्ष देणं आणि ताबा घेणं हे अधिकार नावानिशी लिहा. परदेशात केलेलं पत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरचं मुद्रांक शुल्क भरा. भाडेकरू अडून बसल्यावर हे पत्र करायला घेतलं, तर तेवढे महिने हातचे जातात.

तडजोड

पुष्कळ प्रकरणं शेवटी तडजोडीत मिटतात आणि त्यात कमीपणा नाही. दोन महिन्यांचं भाडं थकलंय, आणि त्यातलं एक महिन्याचं सोडलं तर माणूस पंधरा दिवसांत जातोय, असं असेल तर सोडून द्या. पुढचे सहा महिने वाचतात. फक्त ते लिहा: जाण्याची तारीख, सोडलेली रक्कम, आणि त्या तारखेला ताबा न दिल्यास सवलत रद्द. अर्ज दाखल झालेला असेल तर तडजोडीचा कागद प्राधिकाऱ्यासमोर दाखल करून त्यावर आदेश घ्या. नाहीतर तो फिरला की तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. परत करायचे पैसे आधी देऊ नका. किल्ल्या आणि पैसे यांची देवाणघेवाण दारातच, सामान खाली उतरल्यावर.

ताब्याचा दिवस

दिवसाउजेडी जा, सोबत एक साक्षीदार न्या. आधीच्या व्हिडिओच्या क्रमानेच पुन्हा व्हिडिओ काढा. भिंतीचा रंग उडणं, नळाचा वॉशर झिजणं ही वापराची झीज. तिचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन, उखडलेल्या टाइल्स, गायब झालेला पंखा हे नुकसान. त्याची बिलं दाखवून कापा. हिशोब एका कागदावर मांडा: डिपॉझिट १,००,०००, वजा दोन महिन्यांचं भाडं ४०,०००, वीज ३,८५०, बेसिन व टाइल्स ८,०००, परत ४८,१५०. दोघांच्या सह्या.

मग ताबा पावती: ‘आज दिनांक … रोजी सदनिकेचा रिकामा ताबा दिला, किल्ल्यांचे … जोड परत केले, माझे कोणतेही सामान आत नाही, एकमेकांकडे काही देणे-घेणे उरले नाही.’ त्याची सही, तुमची सही, साक्षीदाराची सही, मीटरचं रीडिंग, पाइप गॅस असेल तर त्याचंही रीडिंग. कपाटाचे वरचे कप्पे आणि पोटमाळा उघडून बघा, कारण मागे राहिलेल्या एका सुटकेसवरूनही महिनाभराने फोन येऊ शकतो. ही पावती हातात आली की कुलूपवाल्याला बोलवा. आता कुलूप बदलायला हरकत नाही.